सरावाचा फोन

बाईंच्या पायाला भिंगरी होती, हे आमच्या कंट्रोल रूममध्ये सगळ्यांना मान्य होतं. ज्या खुर्चीला आम्ही आठ-आठ तास चिकटून बसायचो, त्याच खुर्चीवर त्यांनी चौदा वर्षं कशी काढली असतील हे मला कधी कळलं नाही. आम्हाला शिकवायला लागल्यापासून तर त्या बसतच नसत. बोलता बोलता खिडकीपाशी जायच्या, कडी लावायच्या, पुन्हा काढायच्या, एकीच्या टेबलावरचं पेन उचलून दुसरीच्या टेबलावर ठेवायच्या. त्यांचा तास संपला की आम्ही अर्धा तास एकमेकींची पेनं शोधत असू.

काम आमचं अँब्युलन्स पाठवायचं. फोन येतो, समोरचा माणूस रडत असतो, ओरडत असतो, नाहीतर नुसताच श्वास घेत असतो. त्याच्याकडून पत्ता काढायचा, काय झालंय ते विचारायचं, पडद्यावर भरायचं आणि हिरवं बटण दाबायचं. बटण दाबलं की खाली गाडी सुटते. माझी आई नातेवाइकांना सांगते की आमची मुलगी फोन उचलते. त्यामुळे मी कुठल्यातरी हॉटेलात टेबलं राखून ठेवते असा निम्म्या घराण्याचा समज आहे.

मी नोकरीला लागले तेव्हा तिशी ओलांडलेली, पदरात दोन मुलं, आणि राग नाकाच्या शेंड्यावर. वाटलं होतं जाडजूड पुस्तक देतील, नियम पाठ करू, परीक्षा देऊ, संपलं. पहिल्या दिवशी बाईंनी आम्हा सहा जणींना गोल उभं केलं आणि नसलेला चेंडू फेकायला लावला. चेंडू नाही, पण फेकायचा. जिच्याकडे फेकला तिने झेलायचा, आणि तो जड होता की हलका, गरम होता की ओला, ते फेकणारीच्या हाताकडे बघून ओळखायचं. मी मनात म्हटलं, बालवाडीत मुलाला घातलं आणि चुकून आपणच आत येऊन बसलो.

दुसरा खेळ वीसपर्यंत मोजायचा. गोल उभं राहून, डोळे मिटून, कोणीही एकीने एक म्हणायचं, कोणीही दोन. क्रम ठरवायचा नाही. दोघी एकदम बोलल्या की पुन्हा पहिल्यापासून. आम्ही चार दिवस सातच्या पुढे गेलो नाही. पाचव्या दिवशी वीस झाले आणि खोलीत इतकी शांतता होती की शेजारच्या खोलीतल्या पंख्याची कुरकुर ऐकू आली. बाई तेवढ्यापुरत्या एका जागी उभ्या होत्या. म्हणाल्या की आता तुम्ही ऐकताय, इतके दिवस तुम्ही आपली पाळी यायची वाट बघत होता.

आणि त्यांचा मुख्य नियम असा की समोरचा जे देईल ते घ्यायचं. ‘नाही’ म्हणायचं नाही, ‘असं कसं होईल’ म्हणायचं नाही. तो म्हणाला घरात हत्ती आहे, तर म्हणायचं हो, आणि तो दाराच्या कुठल्या बाजूला उभा आहे? मला हा शुद्ध पोरखेळ वाटायचा, तोही एका म्हाताऱ्या गृहस्थांचा फोन येईपर्यंत. त्यांच्या छातीत दुखत होतं, गाडी दारात पोचली होती, पण ते दार उघडेनात. म्हणत होते, बायको उंबऱ्यात बसलीय, ती उठू देत नाही. बायको जाऊन सहा वर्षं झाली, हे मागाहून शेजाऱ्यांनी सांगितलं, पण मला ते त्यांच्या आवाजावरूनच कळलं होतं. मी म्हटलं, हो का, मग वहिनींना सांगा, पाहुणे आलेत, जरा सरकून बसा. ते तिच्याशी काहीतरी बोलले आणि कडी वाजली. त्या दिवसापासून मी बाईंची थट्टा करायची सोडली नाही, पण तास चुकवायचा सोडला.

एका गोष्टीशी मात्र माझं कधीच जमलं नाही. चूक झाली की दोन्ही हात वर करून मोठ्याने ‘चुकले’ म्हणायचं आणि बाकीच्यांनी टाळ्या वाजवायच्या, असा बाईंचा रिवाज होता. घाबरलेल्या माणसाचे कान आधी बंद होतात, असं त्यांचं म्हणणं. चुकण्याची भीती एकदा मोडली की माणूस ऐकायला मोकळा होतो. इतर जणी हात वर करून हसायच्या, एकदोघी तर टाळ्यांसाठी मुद्दाम चुकायच्या. मी हात वर करायचे आणि टाळ्या सुरू झाल्या की मला कोणाच्या तरी थोबाडीत मारावीशी वाटायची. पण सगळ्या इतक्या मजेत असायच्या की हे सांगायचं कोणाला?

वर्षभराने बाईंनी साहेबांच्या मागे लागून आणखी एक परवानगी काढली. वर्गातल्या फोनवर सराव असला की मुली सैलावतात, म्हणून दुपारी दोन ते चार, फोन कमी असतात तेव्हा, त्या खऱ्या लाइनवर सरावाचे फोन करणार. कधी दारुडा होऊन, कधी आजी होऊन, कधी पोर होऊन. सरावाचा फोन आहे असं ओळखलं की बटण दाबायचं नाही, पिवळा फॉर्म काढून त्यावर सगळं लिहायचं, आणि शेवटी बाई ‘खेळ संपला’ म्हणाल्या की सही करायची. साहेब उंटावरून शेळ्या हाकणारे, त्यांनी न वाचता सही केली. खरं-खोटं ओळखायचं कसं, हे कोणी लिहूनच ठेवलं नव्हतं. बाई म्हणाल्या, कानाने.

पहिल्याच महिन्यात माझ्या कानाने मला तोंडघशी पाडलं. एक मुलगी फोनवर म्हणाली, आई उठत नाही. सहा-सात वर्षांचा आवाज. मागे नळ चालू. पत्ता विचारला तर सांगता येईना, म्हणून खिडकीतून काय दिसतं ते विचारलं. ती म्हणाली, पांढऱ्या गाड्या उभ्या आहेत, मोठं फाटक आहे. मी ते आमच्याच इमारतीचं मागचं फाटक आहे हे ओळखलं, जवळच आहे म्हणून आणखी घाईने बटण दाबलं आणि गाडी सोडली. गाडी भोंगा वाजवत कंपाउंडला वळसा घालून मागच्या फाटकाशी जाऊन उभी राहिली. तिथे बाई हातात मोबाइल घेऊन बागेच्या नळापाशी उभ्या होत्या.

ड्रायव्हरदादा वर आले ते शिव्या देतच. त्यांच्या मागून बाई आल्या, आणि आल्या त्या हसत, पोट धरून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. मग त्यांनी टाळ्या वाजवायला सुरुवात केली आणि सगळी खोली टाळ्या वाजवायला लागली. मी हात वर केले. चुकले म्हटलं. त्या दिवसापासून माझं नाव पडलं ‘गाडीवाली’. चहावालासुद्धा गाडीवालीला एक कटिंग म्हणायला लागला. बाईंना त्यात वाईट काही दिसलं नाही. त्यांच्या लेखी ती माझी लाज गेली होती. माझ्या लेखी ती तिथपासून सुरू झाली.

त्यानंतर मी एकच केलं. बाईंचा आवाज ओळखायला शिकले. त्या ‘र’ जरा लांबवतात, वाक्य सुरू करण्याआधी नाकाने श्वास घेतात, पोराचा आवाज काढला तरी खोकला मोठ्या माणसाचा असतो. पुढच्या पाच महिन्यांत त्यांचे अकरा फोन मला आले आणि अकराच्या अकरा मी दुसऱ्या वाक्यात पकडले. एकदा त्या दारुडा होऊन म्हणाल्या, ‘हा खेळ नाही, ताई,’ तेव्हाही मी हसत पिवळा फॉर्म पुढे ओढला होता. शेजारच्या खुर्चीवरची माझ्याकडे बघून मान डोलवायची. मला फार बरं वाटायचं. खोटं कशाला बोलू?

तो मंगळवार होता, तीनला दहा कमी. फोन उचलला आणि आवाज आला, ‘पाण्याच्या टाकीसमोर, तिसरी गल्ली, चष्म्याच्या दुकानावर दुसरा मजला. माझे मिस्टर पडलेत. तोंड वाकडं झालंय.’

मी इथे ते लिहिते जे जबाबात लिहिलं नाही. मला कळलं होतं. बाईंनी अकरा फोनांत एकदाही पत्ता आपणहून दिला नव्हता. घाबरलेल्या माणसाकडून पत्ता काढणं हेच तर सगळ्यात अवघड, ते त्या आमच्यासाठी राखून ठेवायच्या. आणि आज पत्ता आधी आला होता, खुणेसकट, मजल्यासकट, चौदा वर्षं त्या खुर्चीवर बसलेल्या बाईने द्यावा तसा. माझा हात बटणाकडे गेला. आणि मला मागचं फाटक दिसलं, दादांच्या शिव्या ऐकू आल्या, बाईंचं पोट धरून हसणं दिसलं. पुन्हा गाडीवाली. हात मागे आला.

मी म्हटलं, ‘बाई, आज आवाज बदलायला विसरलात का?’

त्या म्हणाल्या, ‘हा खेळ नाही.’

मी शेजारणीकडे बघून डोळे मिचकावले आणि पिवळा फॉर्म घेतला. वय विचारलं, कधी पडले विचारलं, शुद्ध आहे का विचारलं. त्या उत्तरं देत होत्या. उजवा हात उचलायला सांगा म्हटलं. त्या त्यांना सांगताना ऐकू आल्या, एकदा, दोनदा, मग नावाने हाक मारून तिसऱ्यांदा. मग फोनवर आल्या आणि म्हणाल्या, ‘मला काही सुचत नाही. तू सांग, मी काय करू.’

दीड वर्षात ह्या बाईंना काही सुचलं नाही असं मी एकदाही पाहिलं नव्हतं. मी बटण दाबलं. फोन उचलल्यापासून दोन मिनिटं दहा सेकंद झाले होते. ते सेकंद मी मोजलेले नाहीत, ते यंत्राने मोजलेत.

काका वाचले. बाईंचे मिस्टर म्हणजे खालच्या दुकानात चष्म्याच्या काचा घासून बसवणारे शांत गृहस्थ, मी त्यांना आधी फक्त एकदा पाहिलं होतं. उजवा हात गेला, बोलणं अडखळलं. डॉक्टरांनी सांगितलं की दोन मिनिटांनी काय फरक पडला असता हे कोणीच सांगू शकत नाही. हे वाक्य मला धीर द्यायला सांगितलं गेलं होतं. मी मात्र ते रोज उलटं करून बघायचे.

चौकशी झाली. मी जबाबात लिहिलं की वेळ सरावाची होती, आवाज सरावाचा होता, म्हणून नेहमीप्रमाणे पिवळा फॉर्म घेतला. ह्यात एक शब्द खोटा नाही. बाईंनी तर त्याहून पुढे जाऊन लिहून दिलं की दोष पूर्ण आपला आहे, खऱ्या लाइनवर खेळ आणणं म्हणजे हात दाखवून अवलक्षण होतं, आपल्या खेळांनी मुलींचे कान बिघडवले, यापुढे आपण शिकवणार नाही. साहेबांनी सुटकेचा नि:श्वास टाकून तो कागद फाइलला लावला. नोकरी माझी राहिली. नवीन येणाऱ्या मुलींना शिकवायचं काम, अनुभवी म्हणून, माझ्याच गळ्यात पडलं.

त्यानंतरचे तीन महिने मी नीट जेवले नाही. फोनची रिंग वाजली की पहिल्याच ठोक्याला उचलायचे, नाही वाजली तर उठून वायर नीट बसलीय का बघायचे. घरी मुलांवर खेकसायचे. आईला एकदा अर्धवट सांगितलं तर ती म्हणाली, झाकली मूठ सव्वा लाखाची, तुझं नाव कोणी घेतलेलं नाही ना, मग तू कशाला घेतेस. नवऱ्याने सगळं ऐकलं आणि म्हणाला की मूठ झाकून तुला भांडी घासता येत नाहीत, दोन कप फुटले ह्या आठवड्यात. जाऊन बोलून ये. मला बोलायचं होतंच. फक्त बोलल्यावर काय होईल ते माहीत होतं. नोकरी जाईल याची भीती वाटत होती, पण त्याहून जास्त भीती होती ती बाईंच्या तोंडाकडे बघायची. आणि दुसऱ्या बाजूला हेही दिसत होतं की ती बाई घरात बसून राहिलीय ते एका खोट्यामुळे. कान खेळांनी बिघडले नव्हते. माझा कान शाबूत होता, त्याने ऐकलं होतं, मीच त्याचं ऐकलं नाही.

रविवारी सकाळी गेले. दुकानाचं शटर खाली होतं. जिना अरुंद, कठडा लाकडी. बाईंनी दार उघडलं, ये म्हणाल्या, आणि लगेच आत जाऊन कपाटातले डबे खालून वर लावायला लागल्या. काका खिडकीपाशी खुर्चीत डाव्या हाताने शर्टाचं बटण लावत होते, चौथं की पाचवं, आणि माझ्याकडे बघून त्यांनी मान हलवली. बाईंनी चहा टाकला, गॅस मोठा केला, बारीक केला, खिडकी उघडली, लावली. काकांनी बटण सोडलं आणि हळूहळू, एकेक शब्द ओढून आणत म्हणाले, ‘हिला... बाहेर ने. मला... चक्कर येते... हिच्याकडे बघून.’

बाई हसल्या नाहीत. मला म्हणाल्या की आता ह्यांना विनोद सुचायला लागलेत, म्हणजे सुधारतायत. मग माझ्या नोकरीचं विचारलं, मुलांचं विचारलं. मी चहा हातात धरून बसले होते. मी कप खाली ठेवला.

‘बाई, मला कळलं होतं.’

‘काय कळलं होतं?’

‘तो फोन खरा आहे ते. मी बटणापाशी हात नेला होता. मग मागचं फाटक आठवलं. सगळे पुन्हा हसतील म्हणून मी फॉर्म घेतला. तुमच्या खेळांचा काही दोष नाही. मला हसं होण्याचं भय वाटलं.’

गॅसवर चहाचं पातेलं अजून तापत होतं. बाईंनी जाऊन तो बंद केला आणि तिथेच पाठमोऱ्या उभ्या राहिल्या. काकांचा डावा हात बटणावर तसाच थांबलेला. मला वाटलं आता त्या रडतील, नाहीतर मला चालती हो म्हणतील, आणि दोन्हीपैकी काहीही झालं तरी ते आत्ता व्हावं. माझ्याने त्या खोलीत आणखी बसवत नव्हतं.

‘त्या दिवशी सगळ्यांत आधी मी हसले होते,’ त्या म्हणाल्या.

मी म्हटलं, हो.

‘मला वाटायचं टाळ्या वाजवल्या की लाज जाते.’

‘नाही जात, बाई. इतरांची जात असेल.’

त्या वळल्या. चेहरा पांढरा पडला होता, पण डोळे माझ्यावरच होते. तीन महिने, त्या म्हणाल्या. तीन महिने तुला हे माहीत होतं आणि तू मला घरात बसू दिलंस. मग त्यांनी विचारलं, ‘ह्या तीन महिन्यांत नवीन किती जणी आल्या?’

‘चार.’

‘त्यांना कोणी शिकवलं?’

‘मी.’

‘काय शिकवलंस?’

मला आठवायचीही गरज नव्हती. ‘फॉर्म भरायला,’ मी म्हटलं.

बाईंनी पदर खोचला आणि दारामागच्या खिळ्यावरची पिशवी काढली. काकांपाशी गेल्या, त्यांचं राहिलेलं बटण लावायला हात पुढे केला, आणि त्यांनी तो हात बाजूला सारला. जा, असं त्यांनी मानेने सांगितलं. रविवारी आमचा वर्ग नसतो, पण चौघींपैकी दोघी त्या वेळी खुर्चीवर होत्या, हे मी बाईंना सांगितलं होतं की त्यांनी मला विचारलं होतं, आता आठवत नाही. एवढंच आठवतं की चपला घालताना त्यांना डावी-उजवी कळेना आणि त्यांनी दोनदा बदलल्या.

जिन्यात त्या माझ्या पुढे होत्या. तीन पायऱ्या उतरून थांबल्या, पण मागे वळल्या नाहीत.

‘मी तुला माफ केलेलं नाही. करेन की नाही ते मला माहीत नाही. पण मला सांग, त्या मुलींना सांगायचंय. कुठल्या वाक्याला कळलं तुला?’

‘पहिल्याच.’

‘पत्ता.’

‘हो. पत्ता आधी आला.’

त्यांनी कठडा धरला. वर दार उघडंच होतं आणि काकांची खुर्ची कुरकुरल्याचा आवाज आला. मी कधीही न पाहिलेली गोष्ट पाहिली, बाई त्या पायरीवर खाली बसल्या आणि बराच वेळ हलल्या नाहीत. मी दोन पायऱ्या वर उभी होते. मला त्यांच्या शेजारी बसावंसं वाटत होतं आणि जागा नव्हती.